माझ्याकडे चालतं

माझ्या नवऱ्याचा जीव एका पॅकेजमध्ये अडकलेला आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडक्या एकमेकींच्या डोक्यावर चढून बसतात. त्यांना फरशांसारखं शेजारी शेजारी बसवणारं एक अवजार असतं. माउसला हात लावायचा नाही, सगळा कारभार बटणांवर. ते लिहिलंय तिसऱ्याच कुणी. आमचे साहेब ते असं बांधून देतात, की कुणालाही आपल्या मशीनवर चटकन बसवता यावं; हेच ते पॅकेज. पैसा एक मिळत नाही. घरातला गळका नळ वाट बघत बसलाय, पण पॅकेजची नवी आवृत्ती कधी चुकत नाही.

त्या दुपारी मात्र स्वारी तोंड पाडून बसली होती. भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी महिनाभरापूर्वी तक्रार नोंदवली होती. वर्गात एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला प्रश्न दाखवायचे म्हणून त्यांनी हे अवजार बसवलं, तर पडदा कोरा आणि कुठलंही बटण दाबा, ढिम्म. आता त्या संध्याकाळपर्यंत तक्रार मिटली नाही, तर लोक जिथून अशी पॅकेजं उतरवून घेतात, त्या यादीतून हे बाहेर. आणि मिटली असं बाईंनीच सांगायला हवं.

"मग तू काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"माझ्याकडे चालतं."

"आणि?"

"त्यांनी पुन्हा लिहिलं. मीही पुन्हा तेच लिहिलं. आधी सूचना वाचा म्हटलं."

मी दातांची डॉक्टर. "अरे, पेशंट ठणका लागलाय म्हणून आला, तर 'माझा तर दुखत नाही बुवा' असं सांगू का मी त्याला?"

"तुला त्यातलं कळत नाही गं."

ते खरंच होतं. पण माझा चेहरा काही ते मान्य करेना.

तेवढ्यात सासूबाई आल्या. आठवडाभर आमच्याकडे राहायला आलेल्या, आणि लॅपटॉपचा चार्जर घरी विसरलेल्या. त्यांना भावाची मेल बघायची होती. नवऱ्याने उत्साहाने आपल्याच मशीनवर त्यांच्यासाठी नवं खातं उघडलं; तिथेही खिडक्या तेच अवजार मांडणार होतं. "बस आई, बघ कसं झकास चालतं."

सासूबाईंनी चष्मा लावला. "अरे, हे बंद आहे."

"बंद नाही, सुरुवातीला कोरंच असतं. आता ही दोन बटणं दाब."

त्यांनी दाबली. काही नाही. "जोरात दाबू का?"

मग त्याने स्वतः दाबली. सगळी दाबून झाली. "माझ्याकडे तर चालतं," तो पुटपुटला.

"तुझ्याकडे चालत असेल रे. पण आत्ता खुर्चीत मी बसलेय."

मग त्याने आपल्या आणि आईच्या खात्यातल्या फाइली ताडून पाहिल्या. त्याच्या खात्यात त्याने स्वतः जमवलेली जुनी मांडणी होती, कुठलं बटण काय करतं ते सांगणारी. नव्या माणसाला तशीच एक तयार मांडणी पॅकेजसोबत मिळायला हवी. अवजार लिहिणाऱ्याने तिची फाइल मध्यंतरी दुसऱ्या जागी हलवली, आणि आमच्या साहेबांच्या बांधणीतून ती सुटली. त्याला कधी गरजच पडली नाही, त्यामुळे पत्ताही लागला नाही.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. सासूबाईंनी बटणं दाबली, मेल उघडली, वर "एवढंच होतं होय?" असंही ऐकवलं.

मग त्याने बाईंना लिहिलं: "चूक माझी होती. तुम्ही दोनदा सांगितलंत, मी ऐकलं नाही. माफ करा. नवीन आवृत्ती एकदा बघाल का?" लग्न झाल्यापासून इतकं सरळ वाक्य मी त्याच्याकडून पहिल्यांदाच पाहिलं. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि त्या बाईंचा जरा हेवाही.

चहा निवून गेला तरी तो स्क्रीनसमोरून हलला नाही. शेवटी उत्तर आलं: "आता चालतं. तक्रार मिटल्याची नोंद केली आहे. खरं तर मी ते तेव्हाच काढून टाकलं होतं. आज तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा बसवून पाहिलं. वर्गात आता आम्ही दुसरं वापरतो, मुलांना त्याची सवय झाली आहे. शुभेच्छा."

"वाचलं की रे तुझं पॅकेज!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हो," तो म्हणाला. पण नजर त्या उत्तरावरच होती. "या निदान सांगून तरी गेल्या. न सांगता किती गेले असतील गं?"