टेकूखालचा पिवळा

जापारने टेकूच्या कडेची शेवटची पट्टी रंगवली, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि कमरेवर हात देऊन मोठ्याने कण्हला. चार दिवस खरवडणी, दोन दिवस रंग. शिडाच्या बोटीचा तळ आता लालभडक झाला होता. राहिले होते फक्त टेकूंनी झाकलेले चार चौकोन. ते क्रेनने बोट उचलल्यावरच रंगवायचे, तेही क्रेनवाल्याचा धीर सुटायच्या आत.

ते काम गेनादीचं. तीस वर्षं बोट दोघांची निम्मी निम्मी होती आणि तीस वर्षं लोंबत्या बोटीखाली तोच घुसत आला. जापारचा गुडघा मुळातच हट्टी. पण गेनादी गेल्या हिवाळ्यात गेला, आणि त्याची मुलगी रिम्मा बापाचा वाटा विकायला बिश्केकहून इस्सिक-कुल सरोवराच्या काठी आली होती. शनिवारी अख्खी बोट घेणारं गिऱ्हाईक येणार होतं. एकट्याला बोट झेपणार नव्हती. वाटा गेला की बोटही गेलीच, हे जापारला पक्कं ठाऊक होतं.

"काका, उगाच एवढी मरमर केलीत. घेणारा रंगवेल की."

"न रंगवता पाण्यात सोडू? तुझ्या बापाने थडग्यातून शिव्या घातल्या असत्या मला."

क्रेनने बोट उचलली. टेकू बाजूला झाले.

"दहा मिनिटं हं, म्हातारबा!" वरून क्रेनवाला ओरोझ ओरडला. "मागे चार बोटी थांबल्यात!"

जापार वाकला आणि अर्ध्यातच अडकला. रिम्माने त्याच्या हातून ब्रश ओढला.

"सरका. पडलात तर निस्तरायचं कुणी?"

नव्या राखाडी कोटासकट ती खाली शिरली. तीन चौकोन भराभर झाले. चौथ्यावरचे जुने थर टेकूबरोबर सोलून आले होते. लालाखाली निळा, निळ्याखाली पिवळा. तिचा हात थांबला.

"काका, हा तर माझ्या खोलीच्या दाराचा रंग!"

"मग कुणाचा? चौऱ्याण्णव साल. दुकानात साबण मिळेना, तिथे बोटीचा रंग कुठला? गेनादी घरातला डबा उचलून घेऊन आला. ऑगस्टपर्यंत तळाला असं शेवाळ धरलं की शर्यतीत शेवटून पहिले आलो! म्हणतो कसा, जापार, आपण बोट नाही, मेंढी हाकतोय."

रिम्मा खदखदून हसली. मग तिचे डोळे भरून आले.

"दार एकाच बाजूने पिवळं राहिलं. मी विचारलं, तर बाबा म्हणाले, रंग संपला."

"अहो, झालं का?" ओरोझ खेकसला.

"रंगव, पोरी," जापार म्हणाला. "उघडं राहिलं तर पाणी मुरेल."

तिने पिवळ्यावरून अंगठा फिरवला. मग सावकाश, दोनदा, लाल हात दिला. वर ओरोझच्या शिव्या चालूच होत्या.

बोट पाण्याकडे सरकली. रिम्माची बाही कोपरापर्यंत लाल झाली होती. तिने चोळून पाहिलं, डाग आणखीच पसरला.

"पुढच्या वर्षीपासून आधी सांगत जा," ती म्हणाली. "जुने कपडे घेऊन येईन."

जापारने झटकन तोंड फिरवलं.

"हळू सोड रे गाढवा!" तो ओरोझवर ओरडला. "बोट आहे ती, बटाट्याचं पोतं नव्हे!"