धावजीची चिठ्ठी

माझ्या बानं, धावजीनं, देवळात शपथ घेऊन दारू सोडली होती. सात वर्षं थेंब घेतला नव्हता. त्यामुळे १९६२च्या उन्हाळ्यात तो झोकांड्या खाऊ लागला आणि त्याची जीभ जड झाली, तेव्हा उमरखेडजवळच्या आमच्या तांड्याला फार बरं वाटलं.

तांड्याची पंचायत, म्हणजे नसाब, बसली. नायक हरिसिंगनं जमिनीवर दोर टाकला.

"चाल धावजी, दोरावरून."

तिसऱ्या पावलाला बा आडवा.

"म्या घेतली नाही, नायक."

"सारे असंच म्हणतेत. मी बी म्हणतो."

शपथ मोडल्याचा दंड ठरलेला होता : पंचांना मोहाच्या दारूचा एक घडा. न पिणाऱ्या बानं तो आणून दिला. पंचांनी त्याच्या व्यसनाबद्दल हळहळत तो संपवला. वर होळीला नगारा वाजवायचा बाचा मान काढून घेतला. बा दुखण्यानं नाही, त्यानं खचला.

मी चौथी शिकलेली, म्हणजे तांड्यातली विद्वान. एसटीनं बाला नागपूरला मीच नेलं. डॉक्टरांनी फरशीवरची रेघ दाखवली. "हिच्यावरून चाला."

बा माझ्या कानात म्हणाला, "इथं बी नसाब हाय काय वं? इथं किती घडे?"

मग छातीचा एक्स-रे काढला. फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली.

"बिडी ओढता?"

"बिडीची शपथ नव्हती घेतली."

"गाठ छातीतच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण क्वचित एखाद्याला अशा गाठीमुळे मेंदूतला तोल सांभाळणारा भाग निकामी होतो. दारूचा काही संबंध नाही."

"हे लिहून द्या," बा म्हणाला. "शेवटचं तेवढं."

किती दिवस उरले, ते बानं विचारलंच नाही.

तांड्यात हरिसिंगनं एक्स-रे उन्हात धरला. "फासळ्या हायेत. दारू दिसत नाही." मी चिठ्ठी वाचली. बा निर्दोष ठरला, नगारा परत मिळाला. खोटा निवाडा केल्याबद्दल पंचांनाही दंड झाला. तोच, एक घडा. पंचांनीच तो भरला आणि पंचांनीच वसूल केला.

दिवस मावळताना दोरावरून चालू शकेल असा एकही पुरुष तांड्यात उरला नव्हता. बानं नगाऱ्यावर काठी मारली. ती बाजूला मातीत पडली.

"जास्त झाली काय रे धावजी?" खांबाला धरून उभा राहिलेला हरिसिंग म्हणाला.

"नाही नायक," बा म्हणाला. "माह्याजवळ चिठ्ठी हाय."