ताईचा ओठ

ताईचा खालचा ओठ डाव्या बाजूला मेला होता, आणि तो कुणी मारला हे बारक्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच. पेशंटांसाठी तो डॉक्टरसाहेब, दारावर नावाची पितळी पाटी. पण आईच्या मागे ज्या बहिणीनं लोकांचे कपडे शिवून त्याला दातांचा डॉक्टर केलं, तिच्यापुढे तो बारक्याच.

अकरा महिन्यांपूर्वी त्यानं तिच्या पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवला होता. जबड्याच्या हाडात स्क्रू, वर नवी दाढ. परक्या पेशंटाला त्यानं आधी स्कॅन केल्याशिवाय हातसुद्धा लावला नसता. पण घरचंच माणूस, कशाला एवढे सोपस्कार! दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर स्क्रूचं टोक थेट ओठाकडे जाणाऱ्या नसेत रुतलेलं. तेव्हाच काढला असता तर ओठ वाचलाही असता. पण काढायचा म्हणजे चूक कबूल करायची, आणि त्याची जीभ काही उचलेना. "सूज आहे, दोन महिन्यांत उतरेल," म्हणाला. पाचव्या दिवशी ती पुन्हा आली आणि सरळ विचारलं, "काढून टाकायचा का रे?" तर हा शहाणा हसला. "काहीतरीच काय, ताई!"

ओठांत टाचण्या धरून कपडे बेतायची ताईची चाळीस वर्षांची सवय. आता टाचणी रुतली तरी तिला पत्ता नसायचा. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर रक्ताचे थेंब पडले, आणि ती बाई किंचाळली तेव्हा कुठे ताईला समजलं. हळूहळू गिऱ्हाइकं आटली. वर हनुवटीत दिवसभर आग आग व्हायला लागली, म्हणून आज स्क्रू काढायचा होता.

त्यानं मदतनीस बाईंना बाहेर पाठवलं. इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं थांबला, आणि रोज सगळ्यांना विचारतो तसं विचारून बसला, "ओठ जड झाला का?"

"अकरा महिने झाले की," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हातातला स्क्रू काढायचा पाना त्यानं ट्रेमध्ये ठेवला.

"ताई, सूजबीज काही नव्हती. मी तुझी नस दाबली. दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं मला. आज काढला तरी फार तर आग कमी होईल. ओठ आता परत येणार नाही."

"माहितेय मला."

"कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून. पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडे गेले होते. म्हणाला, आजच्या आज काढा, अजून वेळ आहे. तिथून उठले ती तडक तुझ्याकडे आले."

"अगं, मग त्याच्याकडूनच का नाही काढून घेतलास?"

"त्यानं विचारलं ना, कुणी बसवला म्हणून. तुझं नाव सांगायला जीव होईना." तिनं डोक्यावरच्या दिव्याकडे बघितलं. "आणि वाटलं, मी विचारलं तर तू सांगशील. वेडी मी. चल, कर आता काय करायचंय ते."

पाना उलटा फिरवला तर स्क्रू जागचा हलेना. बाकी काम त्यानं चोख केलं होतं, हाडानं तो घट्ट धरला होता. भोवतीचं हाड थोडं थोडं कोरत अर्ध्या तासानं तो निघाला. नखाएवढा तर होता मेला! बारक्याला हुंदका आवरेना, पण हात थांबवून चालणार नव्हतं. त्यानं टाके घातले आणि गॉझचा बोळा तिला दातांत दाबून धरायला दिला.

ताई उठून बसली. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची एक धार हनुवटीवर उतरली, तिथून गळ्याकडे निघाली. ती आपली शांतपणे पदर सारखा करत होती.

"काय रे, काय बघतोस?" तिनं दात आवळूनच विचारलं.

काही नाही, असं त्याच्या तोंडात आलंच होतं.

"रक्त येतंय, ताई," तो म्हणाला. "तुला कळत नाहीये."

"हं," ती म्हणाली आणि पुसायला हनुवटी त्याच्यापुढे केली. "असं सांगायचं होतंस."