लांबीखालची चीर

रंगावर नुसता पॉलिश पेपर फिरव आणि प्रायमर मार, असं दादाने तिला बजावलं होतं. जुनी बुटकी मोटरसायकल, त्याच्या गॅरेजच्या दारात शोभेला ठेवायची; गाडीला कोण एवढं निरखून बघणार? पण जुन्या रंगावर प्रायमर मारणं गाड्या रंगवणाऱ्या तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. तिने चाकं, इंजिन उतरवलं, सांगाडा टेबलावर आवळला आणि लाल रंग पार लोखंडापर्यंत ओरबाडायला घेतला.

हा रंग दादानेच मारला होता. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत वळणावर हँडल तिच्या हातातून निसटलं, मागे बसलेली धाकटी बहीण भिंतीवर आपटली आणि जागच्या जागी गेली. हँडल आपोआप फिरलं, असं ती घसा फोडून सांगत राहिली. आई तेव्हापासून तिच्याकडे बघून बोलली नव्हती. गाडीला कुणी हात लावला नव्हता.

हँडलच्या नळीखाली चकचकीत लोखंडाऐवजी पिवळट भुकटी निघू लागली. लांबी. पत्र्याचे पोचे भरायची लांबी इथे जोडावर कशाला? तिने पटाशीने ती खरवडली. खाली जोडाला अर्धा वेढा घालणारी चीर होती, आतून गंजून काळी पडलेली. चिरेवर लांबी, लांबीवर लाल रंग. म्हणजे चीर अपघाताच्या आधीची; हँडल तिच्यामुळे फिरलं नव्हतं.

"काय गं, अजून प्रायमर नाही? सोनं घासतेयस का?" दादा आत येत म्हणाला.

"ही चीर तुला ठाऊक होती?"

त्याने पाहिलं न पाहिलं आणि स्प्रे गन उचलली. "सर बाजूला."

"वेल्डिंग का नाही केलंस?"

"तुम्ही दोघी डोकं खात होतात! आजच हवी, आजच हवी! वाटलं, धरेल जोड. सर म्हणतो ना!"

ती सरली नाही. त्याने केस धरून तिला टेबलावर आपटलं. भुवई फुटली. प्रायमरचा फवारा जोडावर बसला, तिच्या गालावर, उघड्या तोंडात. तिने पटाशी त्याच्या मनगटात खुपसली. गन पडली. गुरासारखा ओरडत त्याने दुसऱ्या हाताने तिचा गळा आवळला. तिने गुडघा हाणला; दोघं डब्यांच्या फळीवर कोसळले आणि फळी दोघांवर.

"आईला सांगितलंस तर जीव घेईन."

"एक घेतलास की."

त्याची बोटं सैल पडली. तेवढ्यात ती सुटली. प्रायमर अजून ओला होता. थिनरचा बोळा फिरवताच चीर पुन्हा उघडी पडली. त्याने तिचा पाय धरला. तिने टाचेने त्याचं तोंड फोडलं, सांगाडा खांद्यावर टाकला आणि जिना चढून घरात गेली.

आई सुरीने भाजी कापत होती. तिने सांगाडा आईच्या मांडीवर आदळला आणि तिचं बोट धरून जोडावरून फिरवलं. नख चिरेत अडकलं.

"लांबी भरून वर रंग मारला होता. दादाने. आम्हाला गाडी द्यायच्या आधी."

आईने बोट काढलं नाही. मान वर करून तिच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे बघत राहिली.

"कुठाय तो?" आईने विचारलं. सुरी तिच्या दुसऱ्या हातातच होती.