नाळेचा दोरा

"कात्री किती वेळ उकळता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वीस मिनिटं!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडले. अलिबागच्या त्या फुकट उजळणी वर्गात आम्ही चौदा नर्सबाया होतो. बारा वर्षं मुरुडला बाळंतपणं केलेल्या मला आता हे काय शिकवणार, अशा तोऱ्यातच मी एस.टी.त बसले होते.

"आणि नाळ बांधायचा दोरा?"

मी हळूच वही उघडली.

कोळीवाड्यातल्या राहीच्या घरचा रिवाज होता, नाळ जाळ्याच्या सुतानं बांधायची. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, चंदरनं, कोनाड्यातलं सूत काढून दिलं. मी कात्री उकळली आणि सूत तसंच बांधलं. आठव्या दिवशी पोराचा जबडा मिटला, दूध ओढेना. पोर गेलं. तेव्हा चारचौघांत मीच राहीला म्हणाले होते, "दारात मासळी वाळत घालता, ही घाण! पोर जगेल कसं?"

डॉक्टरीणबाई न उकळलेल्या दोऱ्यानं होणारा धनुर्वात समजावत होत्या. मी वहीत मान खुपसून बसले.

परतले तेव्हा राहीला आठवा महिना होता. मी तडक तिच्याकडे गेले. सगळ्या कोळीवाड्यात काठ्यांवर बोंबील वाळत होते, राहीचं अंगण तेवढं रिकामं. चार वर्षं ती ओल्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन वाळवायला पार किनाऱ्याच्या टोकाला जायची. येता-जाता ते बघून मी मनात म्हणायची, चला, सुधारली!

"बाई, बगा, अंगण साफ हाय," राही म्हणाली. "आता तरी जगंल न्हवं?"

यापुढे दोरा उकळून गप्प बसले असते, तर कुणाला कळणार होतं? हा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू.

"राही, तुझ्या घरात घाण नव्हती गं. दोरा मी उकळला नव्हता. पोर माझ्या हातानं गेलं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती भिंतीला धरून उठली, कोनाड्यातली सुताची गुंडी आणून माझ्यापुढे ठेवली.

"किती येळ उकळायचा?"

"वीस मिनिटं."

तिनं मान हलवली. किनाऱ्यावर न्यायला भरून ठेवलेली पाटी दारात होती. ती ओढत तिनं अंगणात नेली आणि एकेक बोंबील आपल्याच काठीवर टांगू लागली. मी मदतीला उठले, पण पाटीला हात लावायचा धीर झाला नाही.