रुपालीचा गुरुवार

प्राचीनं मोबाइल सासऱ्यापुढं धरला आणि ती तशीच उभी राहिली. इंद्रभान ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. चिखलीच्या बाजाराला जायची घाई, आणि सूनबाई आपली समोर खांबासारखी उभी.

"काय वं? काऊन उभी राह्यली?"

"मामाजी, तुमचा व्हिडिओ आलाय."

"मंग त्यात काय नवल? आख्ख्या गावानं पाह्यला तो. शेगावच्या पेढेवाल्यानंही ओळखलं मले."

"तोच आहे, पण तिकडून आलाय. कॅनडातून. रुपालीताईंनी पाठवलाय."

इंद्रभाननं हात धोतराला पुसले आणि मोबाइल जवळ घेतला. कोटबीट घातलेला एक गोरा माणूस टेबलाशी बसून बोलत होता, आणि त्याच्या मागं भिंतीएवढा मोठा कोण, तर खुद्द इंद्रभान. डोक्याला फेटा, कपाळाला अष्टगंध, पुढ्यात वांग्यांची रास. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. जन्मभर चिखलीच्या बाजारात पोत्यावर बसलेला माणूस कॅनडात पोहोचला, ही काय लहान गोष्ट झाली?

"पाह्य वं रुपालीची माय," त्यानं आत हाक मारली, "मी फॉरेनला गेलो."

प्राची मात्र हसली नाही. तेव्हा कुठं त्याच्या मनात पाल चुकचुकली.

व्हिडिओचं मूळ असं. रुपाली, इंद्रभानची थोरली लेक, नवऱ्यासोबत कॅनडाला गेली आणि तिथल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. इंद्रभानच्या घरात गुरुवार म्हणजे गजानन महाराजांचा वार. त्या दिवशी मांसमच्छीचं नावसुद्धा कुणी काढत नाही. आणि तिथं नेमकं गुरुवारीच म्हाताऱ्यांना भाजलेल्या मांसाचं जेवण. रुपाली पहिले काही गुरुवार रडत घरी आली. मग तिच्यासोबत काम करणारी सोमालियाची शरीफा नावाची बाई म्हणाली, गुरुवारचं मांस मी करते, तू शुक्रवारी दुपारी माझी भांडी घास, म्हणजे मला नमाज पढता येईल. झालं. तेवढ्यावर दोघींचं जमून गेलं. वरच्या बाईला माहीत होतं, पण काम कुठं अडत नव्हतं, म्हणून तिनं काणाडोळा केला. म्हाताऱ्यांच्या ताटातलं मांस एकाही गुरुवारी चुकलं नव्हतं.

ही गोष्ट इंद्रभाननं बाजारात सांगितली आणि दीपकच्या कानावर गेली. दीपक मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवायचा. हातात भलामोठा माइक, त्यावर चॅनलचं लाल चिटोरं. प्रकटदिन जवळ आला होता आणि त्याला महाराजांच्या भक्तीची बातमी हवी होती. पण शरीफा, भांडी, अदलाबदल हे ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं.

"काका, हे फिक्कं होऊन राह्यलं. जरा दमदार येऊ द्या."

इंद्रभान भाजीवाला. वांगी विकताना 'लोणी हाय लोणी' म्हणणारा माणूस. त्याला दम कमी पडतो थोडाच? शरीफाचं नाव त्याच्या ओठावर आलं होतं. पण तेवढी एक बाई मध्ये घातली की सगळी चमक जाते, हे त्यालाही कळलं. त्यानं नाव गिळलं आणि छाती काढून सांगितलं, "माह्या पोरीनं कॅनडात गुरुवारचं मटण बंद पाडलं. गोऱ्यायले वाकवलं तिनं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीपकला चेव आला. त्या दिवसांत त्याच्या चॅनलवर बाहेरून येऊन बाजारात हातगाड्या लावणाऱ्यांविरुद्ध रोज आरडाओरड चालायची. त्यानं तोही प्रश्न विचारून घेतला. आता इंद्रभानचं बाहेरच्यांशी काय वाकडं होतं? शेजारीच नौशाद नावाचा यूपीवाला चादरींची गाडी लावायचा आणि दोघं रोज इंद्रभानच्या पोत्यावर बसून चहा प्यायचे. पण माइक समोर होता आणि टाळ्या नुकत्याच वाजल्या होत्या.

"ज्याले अठी राह्याचं, त्यानं अठचं पाळावं," तो बोलून गेला. "नसन पटत, तं आपल्या गावाले जावं."

"काय म्हन्ते हा गोरा?" त्यानं आता सुनेला विचारलं.

प्राची चिखलीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती खाली मान घालून सांगू लागली. "म्हणतो, आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय खायचं ते आता हे बाहेरून आलेले लोक ठरवणार. आपण यांना काम दिलं, घर दिलं. आणि तिकडं यातल्या एकीचा बाप भर बाजारात सांगतो, आम्ही गोऱ्यांना वाकवलं."

"माह्यं बोलनं उलटंसुलटं लिवलं असन त्यानं."

"नाही मामाजी. भाषांतर बरोबर आहे, शब्दन् शब्द."

तेवढ्यात मोबाइलमधून त्याचाच आवाज आला, ज्याले अठी राह्याचं, त्यानं अठचं पाळावं. आवाज संपला तसा गोरा माणूस हसला. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सावकाश काहीतरी बोलला.

"आता काय म्हने?"

प्राचीनं तेवढाच भाग पुन्हा लावून ऐकला. इंद्रभाननं पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणतो, मी या बापाशी शंभर टक्के सहमत आहे. माझ्याजवळ बोलायला काही उरलंच नाही."

त्या परक्या माणसानं त्याला शिवी दिली असती, तर चार शिव्या त्यानंही हासडल्या असत्या. पण त्यानं तर होकार भरला होता.

त्याची बायको कौशल्याबाई चुलीजवळून उठून आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "पोरीले फोन लावा."

इकडं शुक्रवारची सकाळ, तिकडं अजून गुरुवारची संध्याकाळ होती. रुपाली नुकतीच कामावरून आली होती.

"बाबा, नोकरी नाई गेली. भिऊ नोका. पण तो व्हिडिओ पाहून वरून हुकूम आला. आता धर्मापायी कोनाच्याच कामाची अदलाबदल नाई. ज्याचं काम त्यानंच करायचं."

"मंग आज...?"

"आज म्याच केलं. गुरुवारचं."

कौशल्याबाईनं पदर तोंडाला लावला. लहानपणी पारायणाच्या पंगतीत पिठलं वाढणारी इंद्रभानची पोर, आणि आज महाराजांच्या वारी तिच्या हाताला तो वास.

"बेटा, तू उपाशी आहे?"

"जेवन जाईना. माह्यं जाऊ द्या, बाबा. उद्या शुक्रवार हाय. शरीफाले नमाजाले जाता नाई येनार. ते मले काईच बोलली नाई, नुसती पाहत राह्यली. तुमी तिचं नाव काऊन नाई घेतलं?"

रुपालीनं वाट पाहिली आणि मग फोन ठेवला.

नाशवंत माल घरी ठेवून चालत नाही. मेथी घेऊन तो बाजारात आला, तर दीपक माइक घेऊन हजर. त्याच्यापर्यंतही तो कॅनडाचा व्हिडिओ पोहोचला होता.

"काका, आता त्या गोऱ्याले अस्सा जबाब द्या का..."

"देतो. लाव तुहं मशीन," इंद्रभान म्हणाला. "माह्या पोरीनं काईच बंद नाई पाडलं. शरीफा नावाची बाई हाय. माह्या पोरीचा गुरुवार ते सांभाळे, अन् तिचा शुक्रवार माह्यी पोरगी. म्या खोटं सांगतलं."

दीपकनं माइक खाली घेतला. "काका, यात बातमी काय हाय?" असं पुटपुटत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

थोड्या वेळानं नौशादनं रोजच्यासारखा चहाचा कप आणून पोत्याच्या कडेला ठेवला आणि तो आपल्या गाडीकडं वळला. बरेच दिवस झाले, तो असाच कप ठेवून जायचा, बसायचा नाही. इंद्रभानला वाटायचं, त्याच्याकडं गिऱ्हाईक वाढलं असेल. आता त्यानं त्या गाडीकडं पाहिलं. गाडीवर एकही गिऱ्हाईक नव्हतं, चादरींच्या घड्या जशाच्या तशा होत्या.

"नौशादभाई," त्यानं हाक मारली. "ते म्या त्या व्हिडिओत जे..."

नौशाद एक चादर उगाच उलगडून पुन्हा घडी घालत राहिला.

"देखा है, काका," तो म्हणाला. "उसी दिन देख लिया था. चाय पी लो, ठंडी हो जाएगी."

इंद्रभाननं कप उचलला. पोत्यावर नौशादच्या बसायच्या जागेवरच्या मेथीच्या जुड्या त्यानं बाजूला सारल्या, जागा मोकळी केली, आणि कप हातात धरून तो वाट पाहत बसला.