हिरवं तोंड

नवेगावच्या तळ्याकाठच्या डाकबंगल्यात एक जर्मन चित्रकार बाई उतरली होती. तिला दूध द्यायला मी जात असे. आमच्यात सुनेचं तोंड कायम पदराआड, पण बाईपुढे कायले पदर? मी तोंड उघडं टाकून बसले आणि तिनं माझं चित्र काढलं. तिला माझी बोली येत नव्हती, मला तिची.

जाताना तिनं चित्र मलाच दिलं. तोंड हिरवं, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, ओठ वाकडे.

"हे का कुंता होय?" सासू म्हणाली. "चेटकीण दिसून राहिली. चुलीत घाल."

सासूसासऱ्यांच्या देखत नवऱ्यानंही बायकोकडे पाहायचं नाही आणि रात्री खोलीत दिवा नाही, अशी आमच्या घरची रीत. दोन लेकरं झाली, तरी हुकुमचंदनं माझं तोंड उजेडात धड पाहिलं नव्हतं. सासू आत गेल्यावर तो चित्र घेऊन अंगणात आला.

"पदर काढ जरा. मिलवून पाहू दे."

मी पदर काढला. त्यानं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "अशीच हायेस."

आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.